पावती, पैसा आणि तक्रार: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे अजूनही बराचसा व्यवहार ओळखीवर चालतो. सराफ्यातला सोनार आजोबांच्या वेळचा, सियागंजातला किराणेवाला वडिलांना नावानं हाक मारणारा, विमा एजंट तर लोकमान्य नगरातलाच कुणाचा तरी मेव्हणा. अशा माणसाकडे बिल कसं मागायचं, असा संकोच वाटतो. ओळख जरूर जपावी. पण गडबड झाली की ग्राहक आयोगापुढे ओळख दाखल करता येत नाही, तिथे कागदच लागतो.

खालचे प्रश्न हळदीकुंकवात, गणपतीच्या मांडवात आणि जिन्यात उभ्या-उभ्या विचारले जातात, साधारण तशाच भाषेत ठेवले आहेत.

दुकानदार म्हणतो, "बिल घेतलंत तर जीएसटी वेगळा लागेल." काय करावं?

बिल घ्यावं. कर मालावर लागतो, बिलावर नाही. पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यामुळे "वर जीएसटी" हा प्रकार तिथे मुळातच चालत नाही. बिल द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

जेल रोडवर मोबाइल किंवा मिक्सर घेताना हा प्रश्न हमखास येतो. दोन-चारशे रुपये कमी करून हातात कच्ची चिठ्ठी ठेवतात: वहीच्या पानावर मॉडेलचं नाव, आकडा आणि एक गिरगटलेली सही. सहा महिन्यांनी स्क्रीन गेली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर ती चिठ्ठी बघतसुद्धा नाही. पक्क्या बिलावर दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक आणि तारीख हवी, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांकही. कच्च्या चिठ्ठीवरच घ्यायची वेळ आली तर निदान पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे कुणाला, कधी, किती दिले याचा माग तरी राहतो.

"बिका हुआ माल वापस नहीं होगा" अशी पाटी होती. मग विषय संपला का?

माल सदोष असेल तर अजिबात संपला नाही. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. पाटी कितीही मोठी असली तरी ती कायद्याच्या वर जात नाही.

मात्र शीतलामाता बाजारातून आणलेल्या साडीचा रंग घरी आल्यावर जाऊबाईंना आवडला नाही, यासाठी कायदा मदतीला येणार नाही. तिथे दुकानदाराची मर्जी, म्हणजे पुन्हा ओळखच.

थंड पाण्याच्या बाटलीवर "कूलिंग"चे दोन रुपये जास्त घेतात. चालतं का?

दुकानात किंवा ठेल्यावर चालत नाही. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. तक्रार नापतौल (वजन-मापं) विभागाकडे करायची किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बसून खायच्या हॉटेलात मात्र गोष्ट वेगळी: तिथे बाटलीसोबत सेवाही विकली जाते, म्हणून जास्त दर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं आहे. पण त्याच हॉटेलनं बिलात आपणहून "सर्व्हिस चार्ज" जोडला असेल तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार तो सक्तीनं घेता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत.

मिठाईवाला डब्यासकट वजन करतो. एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं?

हिशेब करून बघा, मग एवढीशी वाटणार नाही. समजा काजूकतली १,००० रुपये किलो आणि रिकामा डबा ६० ग्रॅमचा. म्हणजे पुठ्ठ्याचे तुम्ही ६० रुपये दिलेत. दिवाळीत दहा डबे वाटायचे असले तर ६०० रुपयांचा पुठ्ठा. वजन मालाचं व्हायला हवं, वेष्टनाचं नाही. "भिया, डब्बा रखके झीरो कर दो" एवढं म्हणायचं. काट्यावर त्यासाठी बटण असतंच. बहुतेक दुकानं सांगितलं की निमूटपणे करतात. सुट्या मिठाईच्या ट्रेवर "किती तारखेपर्यंत खावी" हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, तेही बघत चला.

मुलीच्या लग्नाचे दागिने करायचेत. सोनं नेमकं कसं तपासायचं?

सराफ्यात रात्री खायला जाणाऱ्यांपेक्षा दिवसा दागिने घ्यायला जाणाऱ्यांनी जास्त डोळे उघडे ठेवावेत.

दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात: भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक बांगडीच्या आतल्या बाजूला इतका बारीक कोरलेला असतो की सोनाराचं भिंग मागावंच लागतं. मागायला लाजू नका. मग मोबाइलवर "बीआयएस केअर" हे ॲप उघडून तिथल्या तिथे क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, कोणत्या केंद्रात तपासणी झाली हे दिसतं. हातात बांगडी आणि ॲपवर "अंगठी" दिसली तर तिथेच थांबा.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, त्या दिवसाचा दर, घडणावळ, खडे-मोत्यांचं वजन आणि किंमत, हॉलमार्किंगचा आकार हे सगळं वेगवेगळं मागा. खडे सोन्याच्या भावानं तोलणं ही जुनी खोड आहे. सोन्यावर जीएसटी ३ टक्के. घडणावळ मात्र दुकानागणिक बदलते आणि घासाघीस करायची ती तिथेच. सोन्याच्या दरात फारशी जागा नसते.

शुद्धता कमी निघाली तर? समजा १० ग्रॅमची बांगडी ९१६ म्हणून घेतली आणि तपासणीत ८३३ निघाली. हजारात ८३ ची तूट, म्हणजे ०.८३ ग्रॅम शुद्ध सोनं कमी. शुद्ध सोन्याचा भाव १२,००० रुपये ग्रॅम धरला तर तूट ९,९६० रुपयांची. मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे भरपाई तुटीच्या दुप्पट, म्हणजे १९,९२० रुपये आणि वर तपासणीचा खर्च. आजीच्या पाटल्यांवर हॉलमार्क नसणारच. त्या मोडायच्या आधी मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेता येतात आणि खर्च अगदी किरकोळ येतो. मोडीच्या वेळी "यात टाका (जोडकामाचा डाग) फार आहे" असं सोनार म्हणाला की हातात तो कागद असलेला बरा.

सुपर कॉरिडॉरकडे स्वस्तात प्लॉट मिळतोय, "सध्या डायरीवर" म्हणतात. घ्यावा का?

नको. खरं तर इथेच उत्तर संपायला हवं, पण दर गणपतीत कुणीतरी हेच विचारतं, म्हणून जरा खोलात जाऊ.

"डायरी" हा आपल्या इंदूरचा खास प्रकार. एक रेक्झिनची वही किंवा छापील कार्ड असतं. त्यावर कॉलनीचं नाव, प्लॉट नंबर, चौरस फुटांचा दर, किती रोख मिळाले याच्या तारखा आणि दलालाची आद्याक्षरं. कॉलनी अजून मंजूर झालेली नसते. ही डायरी हातोहात विकली जाते, प्रत्येक हातात दर वाढतो आणि शेवटी जो खरंच घर बांधायला जातो त्याच्या हातात फक्त वही उरते. स्थावर मालमत्तेचा हक्क रजिस्ट्री झाल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. शिवाय जमीन-घराच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही. म्हणजे तक्रार करायला गेलात की आधी तुम्हालाच विचारतील, ही रोकड आली कुठून?

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठाहून जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता तर येत नाहीच, त्याची जाहिरातही करता येत नाही. हे प्लॉटच्या कॉलनीलाही लागू आहे. मध्यप्रदेश रेराच्या संकेतस्थळावर कॉलनीचं नाव टाकून बघा. नोंदणी क्रमांक मिळाला तर त्याखालचा मंजूर नकाशा उघडा आणि दाखवलेला प्लॉट नंबर त्यात खरोखर आहे का ते पाहा. पुष्कळदा बगिच्याची जागाच प्लॉट म्हणून विकलेली सापडते. मग टीएनसीपीची (नगर व ग्राम नियोजन विभागाची) मंजुरी, डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर बदलल्याचा कागद) आणि विकास परवानगी हेही तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

"अहो, सगळे असंच घेतात" हे दलालाचं ठरलेलं वाक्य. घेतात खरं. गृहनिर्माण संस्थांचे सदस्य होऊन प्लॉटची वाट बघत म्हातारे झालेले लोकही याच शहरात आहेत.

शेअर बाजाराच्या "टिप्स" देणाऱ्या कंपनीतून रोज फोन येतो. मुलगी फार गोड बोलते. खरं असेल का?

भारतभर लोकांना असे फोन जातात आणि त्यातले बरेचसे आपल्याच शहरातून जातात, हे सांगायला बरं वाटत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं इंदूरच्या सल्लागार संस्थांवर एकामागून एक आदेश काढलेले आहेत. तेव्हा निदान इंदुरात राहणाऱ्यानं तरी यात फसू नये.

गोष्ट साधारण अशी घडते. आधी फुकट दोन-तीन टिप्स, त्यातली एखादी बरोबर निघते. मग ५,००० रुपयांची "सिल्व्हर सर्व्हिस". नुकसान झालं की "तुम्ही प्लॅटिनमवर या, आधीचं सगळं भरून काढू". फी वाढत जाते आणि पैसे कधी एका खात्यात, कधी दुसऱ्याच माणसाच्या खात्यात मागवले जातात. हल्ली त्याच्या जोडीला व्हॉट्सॲप ग्रुप आणि नकली ट्रेडिंग ॲप आलं आहे: पडद्यावर नफा लाखांचा, काढायला गेलं की आधी "टॅक्स भरा".

परतावा निश्चित असल्याचं सांगणं नोंदणीकृत सल्लागाराला मना आहे. "महिन्याला १० टक्के पक्के" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवा. नोंदणी क्रमांक विचारा: सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनं नोंदणीकृत संस्थांसाठी "व्हॅलिड" हा शब्द असलेले खास यूपीआय आयडी दिले आहेत. पैसे एखाद्या व्यक्तीच्या साध्या यूपीआयवर मागितले तर आणखी तपासायची गरजच नाही.

फसवणूक नोंदणीकृत संस्थेनं केली असेल तर सेबीच्या "स्कोअर्स" पोर्टलवर तक्रार करा, तिला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. नोंदणीच नसेल तर थेट पोलीस आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

ओटीपी सांगून बसलो आणि खात्यातून पैसे गेले. आता?

रडायला नंतर वेळ आहे. आधी १९३० ला फोन, त्याच दमात बँकेला. १९३० वर तक्रार लवकर पोहोचली तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम तिथेच अडवता येते. संध्याकाळपर्यंत ती चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेली असते. फोन लागेना तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा.

पैसे परत मिळण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट भेद केला आहे. चूक बँकेची असेल तर तुमचा तोटा शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरीही शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर साध्या बचत खात्यावर कमाल १०,००० पर्यंतचा तोटा तुमचा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमच्या माथी आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या. म्हणून त्यातही मिनिटं मोजावी लागतात.

आणि "डिजिटल अरेस्ट" असला प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की "चौकशीपुरते" पैसे जमा करायला सांगत नाही. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरी दोघंच म्हातारी, अशा रामबाग, सुदामा नगरातल्या घरांवर या लोकांचा डोळा असतो. आई-बाबांना एवढंच पढवून ठेवा: फोनवरचा माणूस "कुणाला सांगू नका" म्हणाला की पहिल्यांदा शेजारच्या काकूंना सांगायचं.

साख संस्था (पतसंस्था) बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देते. एफडी ठेवू का?

दीड टक्का जास्त का मिळतो, हे आधी विचारा. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा उतरवलेली असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. बँकेवर निर्बंध आले तर २०२१ च्या दुरुस्तीमुळे ही रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. साख सहकारी संस्था, पतसंस्था यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही, मग अध्यक्ष कितीही सज्जन असोत आणि कार्यालयात अहिल्यादेवींची तसबीर असो.

नावात "बँक" आहे की "साख संस्था" हे पावतीवर नीट वाचा. पाच लाखांची मर्यादा एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून असते. तेव्हा पाटणीपुऱ्याच्या शाखेत पाच आणि राजवाड्याच्या शाखेत पाच ठेवून उपयोग नाही. बँकच वेगळी हवी.

भिशीचंही असंच. शेजारच्या बाराजणींची भिशी ही मैत्री आहे. पण चालवणारा कमिशन घेतो, लिलाव लावतो, बोली कमी-जास्त होते आणि सदस्य एकमेकांना ओळखतही नाहीत, असं झालं की तो चिट फंड. त्याला १९८२ च्या कायद्याखाली मंजुरी आणि नोंदणी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच "बीसी"त ती नसते.

बँकेत एफडी करायला गेले आणि घरी आल्यावर कळलं की विमा पॉलिसी घेतली!

फार जणींचं होतं. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक मुदत म्हणतात. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. "मॅडम, पुढच्या महिन्यात बघू" असं काउंटरवरचा साहेब म्हणाला, तर तो महिना नेमका कोणता हे त्यालाही माहीत असतं.

मुदत उलटली असेल तर खोटं सांगून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे करा. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, माहितीसाठी १४४४८.

आरोग्य विम्याचा क्लेम "जुना आजार लपवला" म्हणून नाकारला.

नकार लेखी मागा, कलमासकट. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून "लपवलं" या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदतही कमाल ३६ महिनेच आहे.

कंपनीनं महिन्याभरात दाद दिली नाही तर विमा लोकपाल. मध्यप्रदेशासाठीचं कार्यालय भोपाळला आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभराच्या आत जायला हवं. फॉर्म भरताना एजंटनं "शुगर-बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल" म्हटलं होतं का, हे आठवून बघा. असले सल्लेच पुढे नडतात. नवा विमा घेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी: वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही.

गृहकर्ज फिटलं, पण बँक रजिस्ट्रीचे मूळ कागद देत नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत द्यायलाच हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. अर्जात हे एक वाक्य घातलं की कागद लवकर सापडतात.

लाइटचं बिल एकदम तिप्पट आलं.

आधी रीडिंग जुळवा. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांचा मोबाइलवर फोटो काढा. सवलतीतली मेख अशी: गृहज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असला तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत, १५० ओलांडले की त्या महिन्याची सवलतच जाते. उन्हाळ्यात कूलर दोनचे तीन झाले की बिल एकदम उडी मारतं, त्यात मीटरचा दोष नसतो. आकडेच जुळत नसतील तर वीज कंपनीच्या १९१२ वर नोंद करा, झोन ऑफिसात लेखी अर्ज द्या, मीटर तपासणी मागा. तिथेही दाद न मिळाल्यास विद्युत ग्राहक तक्रार निवारण फोरम आहे. सीएम हेल्पलाइन १८१ आणि मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई, या दोन जागा कोणत्याही सरकारी कामासाठी लक्षात ठेवा. जनसुनवाईला लवकर जा, रांग मोठी असते.

मुलानं भंवरकुआचा कोचिंग क्लास दोन महिन्यांत सोडला. पूर्ण वर्षाची फी गेली का?

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. या सूचना आहेत, थेट कायदा नाही. पण "फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं छापलेलं एकतर्फी कलम आयोगासमोर टिकेलच असं नाही. १९१५ वर तक्रार केली की बरेच क्लास तडजोडीला येतात. प्रवेश घेताना मात्र वर्षाची रक्कम एकदम भरू नका. हप्त्यानं भरा, सवलत थोडी गेली तरी चालेल.

वडील गेले. नॉमिनी मी आहे, मग पैसे माझेच ना?

बँक पैसे तुमच्या हातात देईल, मालकी मात्र वारसांची. नॉमिनी हा सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. भावंडांत वाद नको असेल तर वडीलधाऱ्यांनी मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, तेव्हा जुन्या खात्यांवर अजून दिवंगत आजीचं नाव असेल तर आधी ते बदला.

जुन्या पासबुकांचा गठ्ठा सापडला तर टाकू नका. दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क राहतो. "उद्गम" पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. आपल्या नावांच्या स्पेलिंगचे प्रकार लक्षात घ्या. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, तिन्ही टाकून बघा.

वस्तू पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून आणली. केस करायला पुण्याला जावं लागेल?

नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही दावा करता येतो, म्हणजे इंदूरच्या जिल्हा आयोगात. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षं. "बोलणी चालू आहेत" या भरवशावर ती संपून जाते.

आधी १९१५ ला फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. काम झालं नाही तर दुकानदाराला स्पीड पोस्टानं नोटीस द्या, १५ दिवस वाट बघा. मग "ई-जागृती" पोर्टलवर किंवा प्रत्यक्ष तक्रार दाखल करा. ती हिंदीत लिहा, सोपं पडतं. काय घेतलं, कधी, काय बिघडलं, कुणाला कळवलं, काय हवंय, हे तारखेवार. राग एका ओळीत मावला तर उत्तम. सोबत बिल, पैसे दिल्याची नोंद, फोटो, मेसेज, नोटीस आणि तिची पोच, शिवाय शपथपत्र. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतील असं धरून चाला.

नोटीस गेल्यावर दुकानदारानं फोन केला, "घरची माणसं आपण, मिटवून टाकू." मिटवावं का?

रक्कम पटत असेल तर जरूर. पण किती देणार, कधी देणार हे व्हॉट्सॲपवर का होईना, त्याच्याकडून लिहून घ्या आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.